नवीन पान १

एका गावात एक लोहारीण होती. तिला भाता ओढता यायचा, पात्याला धार लावता यायची, आठवड्याच्या बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालून भाव राखता यायचा. बचत गटाच्या वर्गाला जाऊन ती संगणकसुद्धा शिकली होती. फक्त एक गोष्ट तिला येत नव्हती. तिला नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं.

गावाचं नाव तळवट. लोहारणीचं नाव शालन. नवऱ्याचं नाव हणमंत. आपण घेऊ, आपल्याला कोण अडवतंय?

तळवटच्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर उखाण्यात, आणि तेही नणंदेनं दार अडवून धरलं तरच. एरवी 'हे', 'आमचे', 'घरातले' एवढ्यावर संसार पार पडे. बावीस वर्षांत शालननं ते नाव दोनदा उच्चारलं होतं. एकदा लग्नात उंबरा ओलांडताना, एकदा डोहाळजेवणात. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?" की ती शेजारणीकडे बघायची, आणि शेजारीण सांगायची. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. सगळ्यांना सगळ्यांची नावं ठाऊक होती.

हणमंत विळ्या करायचा. त्याचा बाप करायचा, आजा करायचा. पोलादाचं पातं, टोकाला नारळ खवायची खवणी, खाली बाभळीचा पाट. पाच तालुक्यांत बाया 'हणमंताची विळी' असं नाव घेऊन मागायच्या. लेकीच्या रुखवतात लाडू नसले तरी चालतील, ती विळी हवी, असं म्हणायच्या. विळी करताना हणमंत सगळ्यात जास्त वेळ पाटाच्या आत जाणाऱ्या तुकड्यावर घालवायचा. तो तुकडा पाटात ठोकला की पुन्हा कुणाला दिसत नाही. कुणी हसलं तर तो म्हणायचा, "दिसतं ते कापतं. दिसत न्हाई ते धरून ठेवतं."

पण दिवस बदलले. बाजारात पातळ पत्र्याच्या विळ्या आल्या, सुऱ्या आल्या. ज्या लेकींना हणमंताची विळी ठाऊक होती त्या लग्न होऊन दूरच्या शहरांत गेल्या. भट्टी आठवड्यातून एकदा पेटू लागली. मग महिन्यातून एकदा.

गणपती विसर्जन करून आल्यावर हणमंत ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "यंदा खंडेनवमीला हत्यारं पुजायची ती शेवटची. दसरा झाला की ऐरण भंगारात घालतो. शहरात गेटावर माणसं पाहिजेत म्हणं. काठी घिऊन बसायचं."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी लोहार घणाला, हातोडीला हळदकुंकू वाहतो आणि हत्याराला हात लावत नाही. त्याला महिनाही उरला नव्हता.

हणमंतनं हे आरडाओरडा करून सांगितलं असतं, तर शालननं उलट उत्तर दिलं असतं. त्यानं ते अगदी शांतपणे सांगितलं, म्हणून तिनं ते खरं मानलं.

तिनं ठरवलं, विळीचं पान करायचं. वर्गात शिकवलं होतं ते सगळं आठवून तिनं मोबाइलवर तीन दिवस बोटं चालवली. विळीचे सहा फोटो काढले. एक समोरून, एक बाजूनं, एक नारळ खवताना, एक कोथिंबिरीच्या जुडीसकट. बाजूला झेंडूची वेल काढली. मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'आमच्याकडे ह्यांच्या हातची, आजेसासऱ्यांपासून चालत आलेली वस्तू मिळेल. एकदा वापराल तर दुसरी घेणार नाही. वरील फोटो पाहणे.' खाली गल्ली, गाव आणि फोन नंबर.

विळी हा शब्द तिनं लिहिला नाही. फोटो ढळढळीत समोर असताना खाली 'विळी' असं लिहायला ती काय बालवाडी चालवत होती? आणि नवऱ्याचं नाव लिहायचा तर प्रश्नच नव्हता.

पानाच्या मागच्या बाजूला काही रिकामे रकाने होते. 'पानाचं शीर्षक', 'पानाचं वर्णन', आणि प्रत्येक फोटोसाठी एकेक ओळ. वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, "हे काही पानावर दिसत नाही. सवडीनं भरा, नाहीतर राहू द्या." शालननं राहू दिलं. शीर्षकाच्या रकान्यात यंत्रानं आपणहून लिहून ठेवलं होतं, 'नवीन पान १'. तिला वाटलं, हा सरकारी नोंदणीचा नंबर असणार, त्याला हात लावू नये.

पान तयार झालं तेव्हा तिनं ते नवऱ्याला दाखवलं. हणमंतनं मोबाइल लांब धरून डोळे बारीक केले.

"झ्याक दिसतंय. कुठं लावलंस?"

"इंटरनेटवर."

"म्हंजे कुणाच्या भिंतीवर?"

"कुणाच्याच न्हाई. सगळ्यांच्या."

हणमंतनं मान हलवली. आठ दिवसांनी त्यानं पुन्हा विचारलं, "सगळ्यांच्या भिंतीवर आपली विळी, आन् इचारायला एकबी माणूस न्हाई?"

शालनलाही तेच कोडं पडलं होतं. पानाच्या तळाशी किती जणांनी पान पाहिलं त्याचा आकडा यायचा. तो नऊवर होता. नऊही वेळा तिनंच पाहिलं होतं.

तिनं स्वतः शोधून पाहायचं ठरवलं. शोधायच्या चौकटीत तिनं लिहिलं, 'ह्यांच्या हातची आजेसासऱ्यांपासून वस्तू'. आणि काय आश्चर्य, पहिल्याच ओळीत तिचं पान आलं! तिला आनंद झाला आणि लगेच ती आणखी गोंधळली. सापडतंय तर खरं. मला सापडतं, मग जगाला का सापडत नाही?

मग तिनं शेजारणीला सांगितलं, "तू बघ गं शोधून." शेजारणीनं 'विळी' लिहिलं. चारशे विळ्या आल्या. पत्र्याच्या आल्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्या आल्या, विळीनं भाजी कशी चिरावी याचे धडे आले. शालनची विळी आली नाही. शेजारणीनं 'हणमंताची विळी' लिहिलं. मारुतीच्या आरत्या आल्या.

शालन हताश होऊन मोबाइलकडे बघत राहिली. यंत्र रागावलंय का आपल्यावर? पान सुंदर झालं म्हणून कुणाची नजर तर लागली नाही? कुणी बघत नाही असं बघून तिनं मीठमोहऱ्या मोबाइलवरून उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. आकडा अकरा झाला. तेही तीच होती, दोनदा.

एसटी स्टँडजवळ उत्तम नावाचा माणूस लोकांचे अर्ज भरून द्यायचं दुकान चालवायचा. शालन त्याच्याकडे गेली. उत्तमनं पान उघडलं, मागचे रकाने पाहिले आणि टेबलावर थाप मारून हसला.

"वैनी, दुकान उघडलंत आणि पाटीच लावली नाही की! हे रकाने म्हणजे पाटी. यात काय लिवाल त्याच्यावर यंत्र माणसं धाडतं."

"मग काय लिवायचं भावजी?"

"गिऱ्हाईक काय शोधतं ते लिवायचं. आपल्याकडं काय हाय ते न्हाई."

"आं?"

"विळी कोण शोधतंय आजकाल? लोक शोधत्यात नोकरी. मोफत मोबाइल. लग्नाची स्थळं. सोन्याचा भाव. ते टाका. गर्दी तर होऊ द्या, मग गर्दीतलं कुणीतरी घेतंयच की विळी."

शालनला हे नीट पटलं नाही. पण तिला आधीचंही कुठं कळत होतं? आणि खंडेनवमीला पंधरा दिवस उरले होते. तिनं उत्तमसमोरच रकाने भरले. 'नोकरी. त्वरित नोकरी. मोफत मोबाइल. वधू-वर. आजचा सोन्याचा भाव.'

चार दिवसांत आकडा नऊशेवर गेला. फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही.

"हॅलो, मोबाइल कधी वाटणार?"

"मोबाइल न्हाई, विळी हाय."

"मोफत?"

"न्हाई."

"मग लिवता कशाला?" खाडकन फोन बंद.

कुणी मुलीची उंची विचारली. कुणी सोनं उद्या उतरेल का म्हणून विचारलं. एकानं तर शिव्याच दिल्या. नऊशे माणसं आली आणि नऊशे माणसं आल्यापावली परत गेली. एकानंही विळीचा फोटो मोठा करून पाहिला नाही. शालनला कळेना. रिकामं दुकान बरं होतं की हे?

पाचव्या दिवशी भर दुपारी एक माणूस पत्ता विचारत दारात आला. पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. नाव सांगितलं जालिंदर. सकाळी सहाला निघून दोन एसट्या बदलून आला होता.

हणमंत थंड भट्टीजवळ बसला होता. "बसा. पाणी घ्या. कुणाकडं आलाय?"

"त्वरित नोकरी आहे ना इथं? फोन सारखा लागत नव्हता. म्हटलं, मागं राहण्यापेक्षा समक्षच जावं."

हणमंतनं त्याच्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं. "नोकरी? हितं? असती तर मीच धरली असती की पाव्हणं."

जालिंदरनं खिशातून चिठ्ठी काढली. पत्ता पुन्हा वाचला. नंबर पुन्हा वाचला. मग तो ओशाळून हसला. "माझंच चुकलं असेल. दुसरं तळवट असेल कुठंतरी. माझं असंच होतं नेहमी."

शालन उंबऱ्याआड उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तो माणूस स्वतःलाच बोल लावत होता. ती गप्प राहिली असती तर तो पाणी पिऊन, नमस्कार करून, आपलं चुकलं असं समजून निघून गेला असता. कुणाला काही कळलं नसतं. हणमंतलाही नाही.

ती बाहेर आली.

"भाऊ, तुमचं न्हाई चुकलं. ते मी लिवलंय."

"म्हणजे नोकरी आहे?"

"न्हाई. नोकरी न्हाई. लोक यावं म्हणून लिवलं. विळ्या खपाव्या म्हणून."

जालिंदर चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. त्यानं कागदपत्रांची पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाला, "वहिनी, एक सांगू? पाटी खोटी असली की माणूस दोनदा दमतो. एकदा येताना आणि एकदा जाताना. जाताना जास्त."

तिनं त्याला भाकरी-आमटी वाढली. त्यानं दोन घास खाल्ले, तेही तिचं मन राखायला. हणमंत त्याला स्टँडवर सोडून परत आला तो थेट भट्टीपाशी जाऊन बसला. तो रागावला नाही. इतकंच म्हणाला, "माझ्या आज्यानं कमअस्सल पोलादाला कधी चांगलं म्हटलं न्हाई. त्याच्यापास्नं चालत आलेल्या विळीचं पान म्हणतीस ना तू ह्याला?"

शालननं त्याच संध्याकाळी सगळे खोटे शब्द पुसून टाकले. मोफत मोबाइल गेला, सोनं गेलं, वधू-वर गेले. नोकरी हा शब्द तर सगळ्यांत आधी गेला. रकाने पुन्हा रिकामे झाले. शीर्षकाच्या जागी यंत्रानं पुन्हा आपणहून लिहिलं, 'नवीन पान १'.

ती त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत राहिली. काही लिहिलं नाही तर कुणी येत नाही. लोकांना हवं ते लिहिलं तर भलतेच येतात. मग लिहायचं तरी काय? शिकलेल्या माणसानं सांगितलेलं फसलं, स्वतःच्या डोक्यानं केलेलंही फसलं. डोकं बधिर झालं.

घट बसले. चौथ्या माळेला हणमंतची धाकटी बहीण इंदू माहेरपणाला आली. इंदू तालुक्याच्या ग्रंथालयात वीस वर्षं पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करत होती. पुस्तकांत राहून ती कमी बोलायची, पण बोलली की चिमटा काढूनच.

शालननं सगळी हकिकत सांगून मोबाइल तिच्या हातात दिला. इंदूनं पान वरून खाली पाहिलं.

"वहिनी, हे पान कशाचं आहे?"

"वन्सं, थट्टा करताय व्हय? सहा फोटो हायत की विळीचे."

"ते मला दिसतात. जे यंत्र लोकांना शोधून देतं त्याला माझ्यासारखे डोळे नाहीत. असं समजा, ग्रंथालयात मी डोळे मिटून बसलेय. कुणी आलं आणि म्हणालं, विळीचं पुस्तक द्या. मी काय करीन? पुस्तकांच्या पाठी चाचपीन. पाठीवर चिठ्ठी असते. पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, कुठलं, कशाबद्दलचं. तुमच्या पुस्तकाच्या पाठीवर काय लिहिलंय?"

शालननं वाचलं. "नवीन पान १."

"अशी 'नवीन पान १' जगात किती असतील?"

शालन म्हणाली, "पण आत तर लिवलंय ना समदं. आत डोकावत न्हाई व्हय ते?"

"डोकावतं. आत काय लिहिलंय? 'ह्यांच्या हातची वस्तू.' ह्यांच्या म्हणजे कुणाच्या? या मुलखात जेवढ्या बायका तेवढे 'हे'. आणि वस्तू म्हणजे कुठली? तुम्ही पान लिहिलंत ते गावातल्या माणसासाठी, ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे. त्याला पान कशाला लागतंय? तो भिंतीवरून हाक मारतो."

शालनला एकदम आठवलं. तिनं शोधलं तेव्हा पान सापडलं होतं, कारण तिनं स्वतःचेच शब्द लिहिले होते. जगातल्या दुसऱ्या कुणाला ते शब्द सुचणार नव्हते.

"आन् उत्तमभावजी? ते म्हणले, गिऱ्हाईक शोधतं ते लिवायचं."

"त्यानं अर्धं खरं सांगितलं. शब्द गिऱ्हाइकाचे घ्यायचे, पण वस्तू आपली सांगायची. आमच्या ग्रंथालयात अजून बायका मला विचारतात, 'तुमच्या भावाची विळी मिळेल का?' दादाचं नाव घेऊन विचारतात. ते नाव त्या रोज शोधत असतील. तुमच्या पानावर ते कुठं आहे?"

शालन पदराशी चाळा करू लागली.

"वन्सं, तुम्ही लिवा ना तेवढं."

"मी नाही. पान तुमचं आहे."

"मला न्हाई लिवता येत ते. हात धजत न्हाई."

"हा रकाना पानावर दिसत नाही, वहिनी. आतल्या आत राहतो. शोधणाऱ्याच्या यादीत तेवढा दिसतो."

"म्हंजे चारचौघांत न्हाई घ्यायचं. पण ज्याला पाहिजे त्याला कळतं."

"असंच."

शालन विचारात पडली. तिच्या डोळ्यांपुढे बाभळीचा पाट आला आणि पाटाच्या आत गेलेला, कुणाला न दिसणारा पोलादाचा तुकडा. दिसत न्हाई ते धरून ठेवतं. बावीस वर्षं हे वाक्य तिनं ऐकलं होतं. आणि पान करताना तीच जागा तिनं पोकळ सोडली होती.

इंदू उठली आणि लग्नात अडवलं होतं तसं दोन्ही हात पसरून तिनं दार अडवलं. "चला वहिनी. नाव घ्या. घेतल्याशिवाय आज सोडत नाही."

"अवो वन्सं, हे काय भलतंच!"

"नाव घ्या म्हणते ना."

शालननं भट्टीकडे पाहिलं. हणमंत पाठमोरा बसून उगाचच सांडशी पुसत होता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि एका दमात म्हटलं:

"बाभळीच्या पाटावर पोलादाची धार,
विळी-खवणी घडवतात तळवटचे हणमंतराव लोहार."

सांडशी पुसायची थांबली.

इंदू हसली नाही. तिनं मोबाइल शालनपुढे धरला. "वहिनी, यात सगळं आलं. वस्तू आली, कशाची केली ते आलं, गाव आलं, करणारा आला. वीस वर्षं मी पुस्तकांच्या चिठ्ठ्या लिहिते, इतकी नेमकी मला एकदाही जमली नाही. लिहा आता."

शालननं लिहिलं. शीर्षकात लिहिलं, 'हणमंत लोहार यांची विळी, तळवट'. वर्णनात तो उखाणाच लिहिला. प्रत्येक फोटोच्या ओळीत जे होतं ते लिहिलं. 'बाभळीच्या पाटाची पोलादी विळी.' 'खवणीवर नारळ खवताना.' पानावरची 'वस्तू' पुसून तिथं 'विळी' लिहिलं. सुरुवातीला एकेक अक्षर जड गेलं. मग हात सुटला.

"आता कधी येतील गिऱ्हाइकं?"

"लगेच नाही. ते यंत्र रोज दारावर येत नाही. फेरीला येईल, चिठ्ठी चाचपेल, मग. आणि मधे तुम्ही त्याला सोन्याचा भाव सांगून फसवलंय. थोडं सबुरीनं घ्या."

पाचवी माळ गेली. सहावी गेली. फोन वाजला नाही. सातव्या माळेला हणमंतनं ऐरण पाण्यानं स्वच्छ धुतली आणि भंगारवाल्याला निरोप दिला, की दसऱ्यानंतर येऊन घेऊन जा. आठव्या माळेला शालननं दहादा मोबाइल पाहिला. तिला पुन्हा काही कळेनासं झालं. खरं लिहूनही कुणी येत नसेल, तर मग?

गावोगावच्या गल्लीबोळांत असे कितीतरी हात आहेत. त्यांनी केलेली वस्तू उत्तम असते आणि पाठीवरची चिठ्ठी कोरी असते. ती वस्तू वाईट होती म्हणून हरवत नाही. ती कुणी हाक मारायच्या आतच विसरली जाते.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. हणमंतनं घण, हातोडी, सांडशी, छिन्नी ओळीनं पाटावर मांडली. इंदूनं झेंडूची माळ भात्याला घातली. हणमंतनं हळद वाहिली, कुंकवात बोट बुडवलं आणि घणाला टिळा लावायला हात पुढे केला.

फोन वाजला.

शालननं उचलला. पलीकडे एका वयस्कर बाईंचा आवाज होता. "हॅलो, हणमंत लोहारांचंच का घर?"

सवयीनं शालननं शेजारी पाहिलं, रेशनच्या दुकानात पाहायची तसं. शेजारी इंदू होती. इंदू आढ्याकडे बघत राहिली.

उखाणा नव्हता, दार कुणी अडवलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "हणमंतराव लोहारांचंच. मी त्यांची मंडळी बोलतेय."

हणमंतचं कुंकवाचं बोट घणावर तसंच राहिलं.

"अगं बाई, सापडलात एकदाचे! लेकीच्या रुखवतात तुमची विळी दिली होती. ती बघून आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांना तशीच पाहिजे झाली. नातसून दोन महिने शोधतेय. 'हणमंताची विळी' लिहिलं की मारुतीच्या आरत्या यायच्या. मधे एकदा नुसतं 'तळवट' लिहिलं, तर सोन्याचा भाव आला म्हणे. आज उघडलं आणि पहिलंच तुम्ही. काय सुरेख ओळी लिहिल्यात! अकरा विळ्या पाहिजेत, कराल ना? होता कुठं इतके दिवस?"

"हितंच होतो आज्जी," शालन म्हणाली. "नाव लावायचं राहिलं होतं."

शालननं फोन ठेवला. हणमंतचा हात आपोआप हातोडीकडे गेला. मग त्याला आठवलं, त्यानं हात मागे घेतला.

"आज न्हाई. आज हत्यारं देवाची. उद्या सोनं लुटून आलो की भट्टी पेटवू. अकरा म्हणल्या ना?"

"अकरा."

"बरं. आन् त्या भंगारवाल्याला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"कुणाचा निरोप म्हणून सांगू?"

हणमंतनं घणाचा अर्धवट राहिलेला टिळा पुरा केला. मान वर न करता म्हणाला, "माझं नाव सांग. आता येतं की तुला."

शालनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बया! एका दिवसात किती येळा?"

तात्पर्य: आपल्या वस्तूवर तिचं खरं नाव लिहावं, आणि शोधणारा ज्या शब्दांनी हाक मारतो त्या शब्दांत लिहावं. नाव झाकलं तर गरजवंताला वाट सापडत नाही, खोटं लिहिलं तर तो दोनदा दमतो.